मुलाच्या शाळेची पहिली टर्म: पत्रं, पौंड आणि फराळाचा स्टॉल

ताई, तुमचा प्रश्न वाचला. दोन वर्षांपूर्वी तुम्ही पुण्याहून इंग्लंडला आलात. मुलगा सप्टेंबरमध्ये फक्त मुलग्यांच्या सरकारी ग्रामर शाळेत (प्रवेशपरीक्षा घेऊन मुलं निवडणारी शाळा) इयर सेव्हनला, म्हणजे अकरा वर्षांच्या मुलांच्या वर्गात लागला आणि तेव्हापासून दर आठवड्याला काही ना काही मागणारी पत्रं येताहेत: शाळेचा निधी, कॉफी मॉर्निंग, केक सेल, स्पॉन्सर्ड वॉक (मुलं चालतात आणि ओळखीचे लोक त्यासाठी देणगी देतात), नॉन-युनिफॉर्म डे, ख्रिसमस फेअर. यातलं सक्तीचं काय, किती द्यायचं, नाही दिलं तर मुलगा वर्गात एकटा पडेल का आणि दिवाळीचा फराळ शाळेत विकता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी अशाच एका शाळेच्या पालक संघाचा बरीच वर्षं खजिनदार होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पैशाचं, कारण काळजी तिथेच आहे. तुमच्याकडे येणारी पत्रं दिसायला सारखी असली तरी त्यांत तीन वेगळ्या जातीच्या मागण्या असतात. काही गोष्टींचे पैसे भरायचे किंवा ती गोष्ट घ्यायची नाही, एवढाच पर्याय असतो. एकट्याने शिकायचा व्हायोलिनचा क्लास, सुट्टीतली स्कीइंगची सहल, नाटकाचं तिकीट ही त्याची उदाहरणं. दुसरी मागणी शाळा स्वतःसाठी करते: दरमहा काही पौंड निधी, भूगोलाच्या सहलीचा खर्च, तंत्रविषयाच्या साहित्याचे पैसे. तिसरी बाहेरच्या संस्थांसाठी असते, जसं कॅन्सर, फूड बँक (गरजूंना मोफत अन्न देणारी संस्था), माजी सैनिक.

दुसऱ्या मागणीत पालक सगळ्यात जास्त गोंधळतात. इंग्लंडमधल्या सरकारी शाळेला शाळेच्या वेळेतल्या शिक्षणासाठी पैसे आकारता येत नाहीत. १९९६ च्या शिक्षण कायद्यातच तसं आहे. शाळा फक्त ऐच्छिक वर्गणी मागू शकते, आणि ती ऐच्छिक आहे हे पत्रात स्पष्ट लिहावं लागतं. तुम्ही दिली नाही म्हणून शाळेच्या वेळेतल्या सहलीतून तुमच्या मुलाला वगळता येत नाही. पुरेसे पैसे जमले नाहीत तर सहल रद्द होऊ शकते, पण होईल तर सगळ्यांचीच. मुक्कामाच्या सहलीत राहण्या-जेवणाचे पैसे घेता येतात, मात्र ठरावीक सरकारी भत्ते मिळणाऱ्या कुटुंबांना त्यातही सूट असते. खासगी शाळांचा हिशोब वेगळा. तुमची शाळा सरकारी आहे, म्हणून हे तुम्हाला पूर्ण लागू आहे.

मग शाळा मागते तरी का? सरकारी अनुदानाचा फार मोठा भाग पगारातच जातो. ज्या शाळेत गरजू कुटुंबांतली मुलं जास्त, तिला दर मुलामागे जास्त पैसे मिळतात आणि ते योग्यच आहे. ग्रामर शाळांत अशी मुलं सहसा कमी असतात, त्यामुळे त्यांचं अनुदान किमान पातळीच्या आसपास राहतं. शिकवणं त्यात भागतं. मिनीबस, रंगमंचावरचे दिवे, क्रिकेटच्या जाळ्या, वाद्यं यांसाठी पैसा उरत नाही. म्हणून ज्यांना झेपतं त्यांनी शाळेचा निधी जरूर द्यावा असं मी मनापासून म्हणेन. पाच पौंड झेपत असतील तर पाच. पत्रात छापलेला आकडा ही सूचना असते. कोण किती देतं हे मुलांना कळत नाही आणि फॉर्म ट्यूटरलाही (वर्गशिक्षकालाही) कळत नाही. आमच्याकडे ती यादी फक्त शाळेच्या हिशोब कचेरीत असे.

द्यायचंच असेल तर गिफ्ट एडचा, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचा फॉर्म भरा. तुम्ही इथे प्राप्तिकर भरत असाल तर तुमच्या प्रत्येक पौंडावर सरकार २५ पेन्स वर घालतं, म्हणजे १० पौंडांचे शाळेकडे साडेबारा होतात. यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. वर्क व्हिसावर असलात तरी चालतं, फक्त तेवढा कर इथे भरलेला हवा. आपल्याकडचे बरेच पालक हा फॉर्म ‘आपल्याला लागू नसेल’ म्हणून बाजूला ठेवतात आणि शाळेचा चौथा हिस्सा वाया जातो. रॅफलचं (बक्षिसांच्या सोडतीचं) तिकीट, कार्यक्रमाचं तिकीट किंवा केकची किंमत मात्र यात बसत नाही, कारण त्याच्या बदल्यात तुम्हाला काहीतरी मिळतं. आणखी एक गोष्ट, जी आपल्या लोकांच्या विशेष उपयोगाची आहे: बँका आणि मोठ्या आयटी कंपन्यांपैकी अनेक कंपन्या कर्मचाऱ्याने जमवलेल्या निधीइतकीच रक्कम स्वतःकडून घालतात. तुमच्या आणि यजमानांच्या कंपनीत एचआरला विचारा. पालक संघात नुसतं विचारलं म्हणून मोठी रक्कम आलेली मी पाहिली आहे.

आता टर्म कशी जाते ते सांगतो, म्हणजे पुढचं पत्र येईल तेव्हा ते कशाचं हे कळेल.

सप्टेंबर अखेरीस मॅकमिलन कॉफी मॉर्निंग असते. मॅकमिलन ही कॅन्सरच्या रुग्णांना आधार देणारी संस्था, आणि हा उपक्रम १९९० पासून चालू आहे. केक करून पाठवायचा किंवा जाऊन विकत घ्यायचा. त्याच सुमारास हार्व्हेस्टचा संग्रह होतो. पूर्वी सुगीचं धान्य चर्चमध्ये ठेवत, आता डबाबंद अन्न जमवून फूड बँकेला देतात. इथे एक विनंती आहे. घरात पडून असलेला, तारीख संपत आलेला डबा देऊ नका. फूड बँकेच्या यादीत त्यांना त्या आठवड्यात काय कमी आहे ते असतं. बऱ्याचदा बीन्स भरपूर असतात आणि टिकाऊ दूध, फळांचा रस, साबण, टूथपेस्ट कमी पडतात. मुलाला सोबत दुकानात न्या आणि यादीतलं त्याला निवडू द्या.

सप्टेंबर-ऑक्टोबरात ओपन ईव्हनिंग होते. पुढच्या वर्षीचे पालक शाळा बघायला येतात आणि त्यांना वर्गावर्गांतून फिरवून आणायला मुलांनाच घेतात. इयर सेव्हनच्या मुलांनाही विचारतात. तुमच्या मुलाला विचारलं तर त्याला हो म्हणायला सांगा. एक पैसा लागत नाही आणि अनोळखी मोठ्या माणसांशी बोलायची सवय जितकी इथे लागते तितकी कुठल्याही क्लासात लागत नाही.

ऑक्टोबर अखेरीस आठवडाभराची हाफ टर्मची सुट्टी. तिथून परत आल्यावर नोव्हेंबर अंगावर येतो. पॉपीची कागदी फुलं, बीबीसीच्या चिल्ड्रन इन नीड या गरजू मुलांसाठीच्या निधीचा नॉन-युनिफॉर्म डे, मोठ्या मुलांचं मूव्हेंबर, हाउसची (शाळेतल्या गटांची) संगीत स्पर्धा, शनिवारचे रग्बीचे सामने, सगळं एकदम. नॉन-युनिफॉर्म डेला एक किंवा दोन पौंड द्यायचे आणि घरचे कपडे घालून जायचं. दाराजवळ नाण्यांची एक वाटी ठेवा, कारण मुलं हे सकाळी पावणेआठला सांगतात. नाणं विसरला तर कुणी दारात अडवत नाही, पण गणवेश घालून गेलेला एकटाच मुलगा दिवसभर अवघडून जातो. त्यामुळे पैशापेक्षा तारीख लक्षात ठेवा.

पॉपीबद्दल थोडं थांबून लिहावंसं वाटतं. रॉयल ब्रिटिश लीजन ही माजी सैनिकांची संस्था १९२१ पासून हा निधी जमवते. फुलाला ठरलेली किंमत नसते, देऊ ते चालतं. ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता सगळी शाळा दोन मिनिटं स्तब्ध उभी राहते. मुलांच्या जुन्या शाळांत हा दिवस फार जड असतो, कारण सभागृहाच्या भिंतीवर दोन महायुद्धांत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं असतात, आणि त्यातले कित्येक शाळा सोडून दोन-चार वर्षंच झालेले. आपल्या मुलांना वाटतं की हे ‘त्यांचं’ आहे, आपण फक्त गप्प उभं राहायचं. तसं नाही. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यातले, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी लढताना गेले, तेव्हा ते २२ वर्षांचे होते. सोबतचे सगळे मेलेले किंवा जखमी झालेले असताना ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. गोळ्या बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून ते लढले. त्याच रेजिमेंटचे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या काठी त्यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेलं आणि मग शत्रूची ठाणी मोडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च लष्करी शौर्यपुरस्कार मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. ही नावं मुलाला ११ तारखेच्या आधी सांगा. इतिहासाच्या शिक्षकांना ती सांगितलीत तर बहुतेक जण आनंदाने असेंब्लीत घेतील. आमच्या शाळेत एका पालकाने हे सुचवलं आणि पुढच्या वर्षांपासून मुलं आपापल्या आजोळच्या, पणजोबांच्या गोष्टी घेऊन येऊ लागली.

मूव्हेंबर हे तुमच्या मुलाच्या वयाचं नाही, पण घरी आलेल्या पत्रात त्याचा उल्लेख असेल. २००३ मध्ये मेलबर्नला सुरू झालेली ही चळवळ. नोव्हेंबरभर मिशा वाढवायच्या आणि पुरुषांच्या आरोग्यासाठी निधी जमवायचा: प्रोस्टेटचा कॅन्सर, वृषणाचा कॅन्सर, मानसिक आरोग्य. मुलांच्या शाळेत याला फार महत्त्व आहे. वृषणाचा कॅन्सर तरुण वयात होणारा आजार आहे, लवकर कळला तर तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, आणि मुलं लाजेपोटी सांगत नाहीत. आपल्या घरांत तर हा विषय निघतच नाही. इयर ट्वेल्व्ह-थर्टीनमधली मोठी मुलं अकरा वर्षांच्या मुलांसमोर हे मोकळेपणाने बोलतात, याची किंमत जमलेल्या पौंडांत मोजता येणार नाही.

आता फराळाचं. विकता येईल, आणि मुलांच्या शाळेत खाण्याच्या स्टॉलइतकं दुसरं काहीच चालत नाही. पण त्यात एक गोष्ट अतिशय गंभीर आहे, ती आधी समजून घ्या.

इथे कायद्याने १४ अ‍ॅलर्जी-पदार्थांची यादी ठरवलेली आहे. शेंगदाणे, सुकामेवा, दूध, अंडी, गहू हे आपल्याला माहीत असतात. त्याच यादीत तीळ आहेत आणि मोहरीही आहे. म्हणजे आपल्या फोडणीतच एक बसला. चिवड्यात शेंगदाणे आणि काजू, चकलीत तीळ, करंजीत मैदा आणि सुकामेवा, लाडवाच्या तुपात दूध. शिवाय डबीतला हिंग बहुधा नुसता नसतो. त्यात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणून तांदळाची चकलीसुद्धा ‘गहू नाही’ म्हणून देता येत नाही. डबीवरचा मजकूर वाचून घ्या. बहुतेक शाळांत शेंगदाणे आणि सुकामेवा आणायलाच मनाई असते. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या खिशात अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन असतं आणि काही मिनिटांत जीव जाऊ शकतो, म्हणून ‘एवढ्याशाने काय होतंय’ हे वाक्य या स्टॉलवर कुणीही म्हणायचं नाही.

माझा सल्ला असा: शंकरपाळी, काजू-बेदाणे न घातलेले बेसनाचे लाडू आणि साध्या पोह्यांचा, शेंगदाण्याशिवायचा चिवडा, एवढेच पदार्थ ठेवा. सगळं एका दिवशी, घासलेल्या कढईत, त्या दिवशी घरात दाण्याचं कूट न काढता करा. तरीही ‘दाणे असलेल्या स्वयंपाकघरात केलं आहे’ अशी पाटी लावा. प्रत्येक पदार्थासमोर पूर्ण साहित्य लिहिलेला कागद हवा. मोहरी, तीळ, हिंग यांची नावं इंग्रजीत आणि मोठ्या अक्षरांत लिहा. पॅकिंग केलेल्या पुड्यांपेक्षा कागदी कपात वाढून देणं बरं, म्हणजे विचारणाऱ्याला समोरासमोर सांगता येतं. कधीतरी एखाद्या कार्यक्रमात घरचं विकायला साधारणपणे काउन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) खाद्यव्यवसायाची नोंदणी लागत नाही, पण शाळेच्या कचेरीला आधी साहित्याची यादी दाखवा.

वडापाव करावा असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. पण शाळेच्या हॉलमध्ये तळण मांडायला परवानगी मिळत नाही, आणि गरम पदार्थ ६३ अंश सेल्सिअसच्या वर राखावा लागतो. शाळेच्या कँटीनने गरम कपाट दिलं तरच त्याच्या वाटेला जा.

किंमत एक पौंड, सुट्टे द्यावे लागू नयेत म्हणून. शेवटची घंटा झाली की पंधरा-वीस मिनिटांत सगळी गर्दी येऊन जाते, म्हणून कप आधीच भरून ठेवा. आता बहुतेक मुलांकडे नाणी नसतात, तेव्हा पालक संघाचं कार्ड मशीन मागून घ्या. गल्ला दोघांनी मिळून मोजायचा, कागदावर दोघांच्या सह्या करायच्या आणि त्याच दिवशी कचेरीत द्यायचा. पैसे घरी नेऊन दुसऱ्या दिवशी आणणं, कितीही विश्वासाचं माणूस असलं तरी, टाळा.

आणि विकायला मुलाला उभं करा. ताई, माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं हेच आहे. आपण आया-बाप रात्री जागून पन्नास लाडू वळतो, डबा शाळेत पोचवतो आणि मुलगा वर्गात बसून राहतो. त्यात शाळेला पन्नास पौंड मिळतात आणि मुलाला काहीच मिळत नाही. त्याला शंकरपाळी कापायला बसवा. साहित्याची पाटी त्याच्याच अक्षरांत असू द्या. ‘हे काय आहे?’ असं त्याच्या वर्गातला मुलगा विचारेल तेव्हा उत्तर त्याने द्यायचं. नव्या शाळेत, जिथे ओळखीचं कुणी नाही, तिथे दोन-तीन मुलांनी मिळून काहीतरी चालवणं यातून मैत्री होते. तुम्ही विचारलं होतं की पैसे दिले नाहीत तर तो एकटा पडेल का. माझ्या अनुभवात पैसे न दिल्यामुळे कुणी एकटं पडलेलं नाही. प्रत्येक उपक्रमाच्या वेळी थेट घरी निघून गेलेली मुलं मात्र मार्चपर्यंत एकटी असतात.

म्हणून हाउसच्या स्पर्धांना त्याला जाऊ द्या. हाउस म्हणजे सगळ्या इयर्समधली मुलं मिसळून केलेले गट, त्यामुळे अकरा वर्षांच्या मुलाला सतरा वर्षांचा कर्णधार ओळखू लागतो. गाणं म्हणणारा असेल तर त्याला आत्ता फार मागणी आहे. मुलांच्या शाळेत वरच्या पट्टीत गाणारे फक्त आवाज न फुटलेले लहान मुलगेच असतात, आणि दोन-तीन वर्षांनी तो आवाज जाणार. डिसेंबरमधल्या कॅरोल सर्व्हिसला, म्हणजे नाताळच्या गाण्यांच्या प्रार्थनासभेला गाणारे हेच. ती ख्रिस्ती प्रार्थना आहे म्हणून काही जण कचरतात. सामूहिक प्रार्थनेतून मुलाला बाहेर ठेवायचा अधिकार पालकांना कायद्याने आहे. मी स्वतः दर वर्षी जात असे आणि तुम्हालाही जा म्हणेन.

स्पॉन्सर्ड वॉकचा फॉर्म तो ऑफिसातल्या तुमच्या सहकाऱ्यांकडे तुमच्या हातून पाठवू पाहील. नात्यातल्या, ओळखीच्या शेजाऱ्यांकडे त्याने स्वतः जावं, तुम्ही सोबत उभं राहावं. अनोळखी दारांवर मात्र पाठवू नका. गिफ्ट एडच्या रकान्यात देणाऱ्याचं पूर्ण नाव, घरचा पत्ता आणि पोस्टकोड लागतो, नुसतं ‘जोशी काका’ लिहिलं तर तो पाव हिस्सा गेला. पुण्याच्या आजी-आजोबांनी दिलेले पैसे घ्या, पण तिथे खूण करू नका, कारण ते इथला कर भरत नाहीत.

डिसेंबरमध्ये सेव्ह द चिल्ड्रन या मुलांसाठीच्या संस्थेचा ख्रिसमस जम्पर डे येतो, नाताळचा स्वेटर घालून जायचा दिवस. त्यासाठी नवा स्वेटर विकत घेऊ नका, जुन्यावर चमकी टाचली तरी चालते. आणि मग ख्रिसमस फेअर, पालक संघाची वर्षातली सगळ्यात मोठी कमाई. स्टॉलच्या मागे बरंच काही असतं. मल्ड वाइन (मसाले घातलेली गरम वाइन) विकायची तर काउन्सिलला किमान दहा कामाचे दिवस आधी तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस आणि २१ पौंड फी द्यावी लागते. रॅफलची तिकिटं फक्त त्या संध्याकाळी तिथेच विकली तर परवाना लागत नाही, पण आठवडाभर आधीपासून गावात विकायची तर छोट्या लॉटरीची काउन्सिलकडे नोंदणी करावी लागते, आणि ती तिकिटं १६ वर्षांखालच्यांना विकता येत नाहीत. हे सगळं सांभाळणारी चार-पाचच माणसं असतात, तीच दर वर्षी.

तुम्हाला मदत करायची असेल तर एक तास द्या, आणि शक्यतो शेवटचा. मांडायला पुष्कळ जण येतात, पण टेबलं घडी करून हॉल झाडायला कुणी नसतं. यजमानांनाही आणा. मुलांच्या शाळेत मुलं आपल्या वडिलांना खुर्च्या उचलताना, भांडी विसळताना पाहतात, ते व्हायला हवं. आणि पालक संघाची वार्षिक सभा बहुधा याच टर्ममध्ये असते, तिला जाऊन बसा. गेल्या वर्षी किती जमले आणि कशावर गेले हे तिथे थेट विचारता येतं. संघ नोंदणीकृत धर्मादाय संस्था असेल तर चॅरिटी कमिशनच्या (अशा संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) संकेतस्थळावर त्याचे उत्पन्न-खर्चाचे आकडे कुणालाही पाहता येतात. शाळेच्या नावाने शोधा, दोन मिनिटांत सापडतील, आणि पुढच्या वर्षी किती द्यायचं हे ठरवायला तेच आकडे उपयोगी पडतील.